बाई, एक विचारू? – या वेळी मुलांचे पासवर्ड

मागच्या अंकात जाता जाता लिहिलं होतं, की मुलांना पासवर्ड करायला शिकवायचं असेल तर घरातला सापशिडीचा फासा शोधून ठेवा, पुढचं पुढच्या महिन्यात. त्यावर संपादकांकडे पत्रांचा ढीग आला. दोघांनी तर फासा सापडत नाही म्हणून तक्रार केली आहे. सोफ्याच्या फटीत बघा, तिथंच असतो. चार पत्रं निवडली आहेत. नावं नेहमीप्रमाणे गाळली आहेत, आणि या विषयात तर ती गाळायलाच हवीत.

*

प्रश्न : मुलगा तिसरीत आहे. शाळेच्या अ‍ॅपवर त्याचं खातं आहे, शिवाय एक गेम खेळतो त्याचं वेगळं. शाळेचा नियम असा की निदान आठ अक्षरं हवीत, त्यात एक कॅपिटल, एक आकडा, एक चिन्ह. आम्ही त्याचं नाव, मग ‘अ‍ॅट’चं चिन्ह आणि जन्मसाल असा पासवर्ड केला, तोच गेमलाही दिला. आता वर्गातला कुणीतरी त्याच्या खात्यात शिरून गृहपाठाच्या जागी मिशा काढलेले फोटो टाकतो. नवीन पासवर्ड मुलालाच करू द्यावा असं वाटतं. पण आठ वर्षांच्या पोराला जमेल का? – एक आई, नाशिक

उत्तर : जमेल. आधी माझी फजिती ऐका.

कराडच्या शाळेत मी संगणकाच्या खोलीची बाई होते. माझ्या मशीनला पासवर्ड, मुलांच्या मशीनला नाही. चित्रं रंगवायचा खेळ फक्त माझ्या मशीनवर होता, तो मी शुक्रवारी शेवटच्या तासाला लावून द्यायची. एका शुक्रवारी मला यायला उशीर झाला. येऊन बघते तर चौथीतली एक मुलगी माझ्या खुर्चीवर उकिडवी बसून हत्तीला जांभळा रंग देतेय. ‘‘पासवर्ड कुणी सांगितला गं?’’ तर म्हणाली, ‘‘कुणीच नाही बाई. तुम्ही फोनवर ताईला ज्या नावानं हाक मारता ना, ते घातलं. पण शेवटी तुमचं बोट वरच्या आकड्यांच्या ओळीत चार वेळा जातं, म्हणजे साल असणार.’’ आता माझ्या लेकीचं साल हिला कसं ठाऊक? ‘‘मी पहिलीत होते तेव्हा ताईची दहावी होती, तुम्हीच पेढे वाटले होते. मग वजाबाकी केली. एकदा चुकली, दुसऱ्यांदा बसली.’’

तिला ओरडावं की गणितात पैकीच्या पैकी द्यावेत, मला कळेना. पण त्या दिवसापासून पासवर्डाचा धडा मी उलटा करून शिकवायला लागले. ‘चांगला पासवर्ड विचार करून शोधा’ असं मुलांना सांगणं मी सोडून दिलं. विचार करायला लावलं की मूल आवडीच्या गोष्टीकडे धावतं, आणि लहान मूल आपली आवड कधी लपवत नाही. कुत्र्याचं नाव, आवडता क्रिकेटवाला, सोसायटीचं नाव, सगळं वर्गाला पाठ असतं. मोठी माणसं तरी काय करतात? देवाचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन. शाळेच्या नियमाचा इथं काही उपयोग नाही. तुमच्या लेकाचा पासवर्ड त्या नियमात चोख बसत होता, आणि तरी मिशा उगवल्याच.

म्हणून शब्द मुलानं निवडायचाच नाही. फाशानं निवडायचा.

मात्र हे नुसतं सांगून पटत नाही, त्याला आधी एक कुलूप उघडू द्या. प्रवासाच्या बॅगेला तीन चाकांचं आकडी कुलूप असतं, ते घ्या. मी बॅगेत लिमलेटच्या गोळ्या घालून तसं कुलूप लावायची आणि वर्गाला म्हणायची, उघडा. मुलं आधी अंदाज करतात : एकशे अकरा, शून्य शून्य सात, माझ्या गाडीचा नंबर. ते फसले की कुणीतरी शहाणं पोर शून्य शून्य शून्यपासून सुरू करतं. एक जण चाकं फिरवतो, एक जण मोठ्यानं मोजतो, एक जण हिसका देतो. माझा आकडा ४१२ होता आणि त्यांना अकरा मिनिटं लागली. गोळ्या खाऊन झाल्यावर मी विचारलं, चौथं चाक असतं तर? तीन चाकांचे एक हजार आकडे, चारचे दहा हजार. ‘‘बाई, शाळा सुटली असती.’’ बस. लांबी म्हणजे काय ते त्यांना तेवढ्यात कळलं. त्यानंतर एकच वाक्य जोडायचं : संगणकाला हात दुखत नाहीत आणि गोळ्याही नको असतात, तो मोजतच राहतो.

आता वही. दोनशे पानी वहीतली सहा पानं घ्या, प्रत्येक पानावर सहा चौकोन आखा, प्रत्येक चौकोनात सहा शब्द. सहा साहे छत्तीस, छत्तीस साहे दोनशे सोळा. शब्द मुलानंच भरायचे, आणि डोळ्यांपुढे दिसणारे भरायचे : भोवरा, खुंटी, बेडूक, इस्त्री, कैरी, पाटा, झुरळ, गोधडी. एका बसणीत होत नाही. आमच्याकडे दिवाळीच्या सुट्टीत नातवंडांनी चार दिवस घेतले आणि पाचव्या पानावर भांडणंही केली. वही तयार झाली की फासा तीनदा टाकायचा. पहिल्या खेपेला पान, दुसऱ्या खेपेला चौकोन, तिसऱ्या खेपेला शब्द. असे चार शब्द काढायचे.

इथं मूल एक लबाडी करतं, तिच्यावर लक्ष ठेवा. झुरळ आलं की ‘ई, परत टाकतो’. नाही. एकदा पडलं ते पडलं, सापाच्या तोंडी आलं तरी खाली जायचंच. ‘वाघ’ येईपर्यंत फासे टाकायची मुभा दिली तर वर्गातल्या प्रत्येकाच्या पासवर्डात वाघ येईल, आणि आपण फिरून आवडीवरच येऊन ठेपू.

दुसरी अडचण आपल्या मराठीची. देवनागरीत पासवर्ड ठेवावा का, असं बऱ्याच जणांनी विचारलंय. नको. काही ठिकाणी तो घेतच नाहीत, आणि शाळेच्या मशीनवर मराठी कळफलक असेलच असं नाही. पण इंग्रजी अक्षरांत लिहायचं तर ‘भोवरा’त ‘व्ही’नंतर ‘ए’ घालायचा की नाही? ‘इस्त्री’च्या शेवटी एक ‘आय’ की दोन ‘ई’? आज एक, उद्या दुसरं, आणि परवा खातं बंद. म्हणून वहीत प्रत्येक शब्दाशेजारी त्याचं इंग्रजी अक्षरांतलं रूप एकदाच ठरवून लिहा. चुकीचं असलं तरी चालेल, बदलायचं नाही.

शब्द पाठ व्हायला गोष्ट करा. आमच्या धाकटीला खुंटी, बेडूक, इस्त्री, कैरी आले. तिची गोष्ट अशी : खुंटीला लटकलेल्या बेडकाला शर्टाला इस्त्री करून हवी होती, पैसे नव्हते म्हणून त्यानं कैरी दिली. आठ दिवसांनी झोपेतून उठवून विचारलं तरी सांगत होती. हे चार शब्द आता छापून आले, तेव्हा ते कुणी वापरायचे नाहीत, तिनंही बदललेत. कॅपिटल, आकडा, चिन्ह मागितलं तर पहिलं अक्षर कॅपिटल करा, शब्दांच्या मध्ये आडवी रेघ घाला आणि शेवटी फाशाचा एक आकडा. नियमाचं समाधान होतं, जोर शब्दांचाच असतो.

किती जोर, ते हिशेब आवडणाऱ्यांसाठी सांगते. समजा, वही चोराच्याच हाती लागली, तरी चार शब्दांच्या २१७ कोटी जुळण्या होतात. मित्रानं अंदाज करण्याच्या पलीकडचं हे काम आहे, आणि चारदोन चुकांनंतर खातं अडवणाऱ्या अ‍ॅपवर मशीनलाही पुरून उरतं. पाच शब्द केले तर सत्तेचाळीस हजार कोटी. तुलनेला सांगते, छोटी इंग्रजी अक्षरं फाशासारखीच आंधळेपणानं उचलली तर आठ अक्षरांच्या जुळण्या एकवीस हजार कोटींच्या आत राहतात, आणि ती अक्षरं लक्षात ठेवताना मोठ्यांच्या तोंडाला फेस येतो. हे डोकं माझं नाही. आर्नल्ड राइनहोल्ड नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी १९९५ मध्ये ही रीत मांडली, डाइसवेअर म्हणतात तिला. त्यांच्या यादीत ७,७७६ शब्द, एका शब्दासाठी फासा पाच वेळा. तेवढे शब्द तिसरीतल्या मुलाकडून लिहून घ्यायला गेलात तर तो पासवर्डाचंच नाव टाकेल. तुमच्या स्वतःच्या ईमेलला मात्र आमच्या वहीतले निदान सहा शब्द लावा.

गेमचा पासवर्ड वेगळा हवा. २००९ साली रॉकयू नावाच्या कंपनीकडून तीन कोटी वीस लाख पासवर्ड चोरीला गेले. तिनं ते कुलूपबंद न करता जसेच्या तसे लिहून ठेवले होते. सगळ्यांत जास्त लोकांचा पासवर्ड होता एक ते सहा आकडे ओळीनं. अशा याद्या हातात आल्या की चोर तेच पासवर्ड दुसऱ्या दारांना लावून बघतात. मुलाला एवढंच सांगा, गेमवाल्यांच्या चुकीनं शाळेचं दार उघडायला नको.

आणि हो, कागदावर लिहा. खुशाल लिहा. फक्त कंपासपेटीच्या झाकणाआड किंवा वहीच्या मागच्या पानावर नको. घरी, रेशनकार्डाच्या फायलीत. दूर बसलेला चोर तुमचं कपाट उघडत नाही, आणि मिशा काढणारा मित्र खेळायला आला तरी रेशनकार्ड मागत नाही.

*

प्रश्न : आमच्या शाळेत २४ मुलं आणि पाच संगणक. मी मुलांना दर महिन्याला पासवर्ड बदलायला लावतो. सवय लागावी हा हेतू. पण पहिल्या तारखेचा पूर्ण तास ‘सर, विसरलो’ यातच जातो. काही सोपा मार्ग? – एक शिक्षक, नंदुरबार जिल्हा

उत्तर : सर, बदलायला लावू नका, हाच मार्ग. तुमची मुलं काय करत असतील ते न बघता सांगते : जूनला नावापुढे सहा, जुलैला सात. एक आकडा सरकवला की काम झालं. बँकेतले साहेबही हेच करतात.

दर काही दिवसांनी बदला आणि चिन्हं घाला, ही शिकवण ज्या कागदानं जगभर नेली तो २००३ सालचा. अमेरिकेची मानकं ठरवणारी ‘निस्ट’ ही संस्था, तिथल्या बिल बर यांनी लिहिलेला. याच बर यांनी २०१७ मध्ये, निवृत्त झाल्यावर, आपल्या त्या सल्ल्यातल्या बऱ्याचशा भागाबद्दल खेद वाटतो असं वर्तमानपत्राला सांगितलं. निस्टनंही त्याच वर्षी नियम फिरवले : कारण नसताना मुदतीनं बदलायला लावू नका, चिन्हांची सक्ती नको, लांब पासवर्ड घेऊ द्या, आणि चोरीच्या याद्यांमध्ये सापडणारा असेल तर नाकारा. आपल्याकडे पुष्कळ कचेऱ्यांत अजून जुनाच पाढा चालू आहे. त्यांचं त्यांना लखलाभ.

बदलायचा तो कुणाला कळला असेल तेव्हा, किंवा खात्यात नको ते दिसलं तर. पहिल्या तारखेचा तो तास वहीच्या शब्दांना द्या. २४ मुलं नऊ-नऊ शब्द आणतील तर बरोबर २१६ होतात. हा हिशेब फळ्यावर मांडला की गुणाकारही झाला. अहिराणीतले शब्द आले तर घ्याच. अंदाज बांधणाऱ्या मशीनच्या याद्यांत ते असण्याची शक्यता आणखी कमी. फक्त मॉनिटरच्या कडेला चिकटवलेली पासवर्डाची ती पट्टी, सर, आजच काढा. नाही म्हणू नका, प्रत्येक शाळेत असते. आमच्याकडे तर खडूनं लिहिलेली होती.

*

प्रश्न : नातू सहा वर्षांचा. माझ्या फोनचा पॅटर्न त्याला येतो. मला बारीक दिसत नाही, म्हणून दूधवाल्याचे पैसे देताना यूपीआय पिनही तोच दाबतो. सून रागावते. पोर हुशार आहे, बिघडलं कुठं? – एक आजोबा, मिरज

उत्तर : पोर हुशार आहे आणि सूनबाई बरोबर आहेत.

पिन चार आकड्यांचा असेल तर दहा हजार जुळण्या, सहाचा असेल तर दहा लाख. पण चार आकड्यांच्या जागी जन्मसाल घातलंत तर शंभरएक सालं तपासली की संपलं. तुम्ही काय घातलंय ते मला कळवू नका. नातवाला मात्र कळलंय, आणि आपल्याला केवढा मोठा आकडा येतो हे तो लिफ्टमध्ये भेटेल त्याला सांगणार. त्यात त्याचा दोष नाही. सहाव्या वर्षी आनंद पोटात राहत नाही.

पॅटर्नचंही ऐका. नऊ ठिपक्यांतले चार ते नऊ ठिपके जोडायचे एकूण ३,८९,११२ प्रकार होतात, पण चारच ठिपके जोडले तर १,६२४. आणि तुम्ही दोघांनी दुपारी चकली खाऊन फोन उघडलात, की तो जरा तिरपा करून उजेडात धरा. काचेवर तुमच्या बोटांची तेलकट वाट दिसेल. नातवालाच ती ओळखायला लावा. दुसऱ्याचा फोन असा बघायचा नाही आणि आपला पुसून ठेवायचा, हे दोन्ही तो एका दमात शिकेल.

आता करायचं काय? फोनमध्ये अक्षरं मोठी करून घ्या, ते सूनबाई दोन मिनिटांत करतील. पिन नवा, आणि तो फक्त तुमचा. आजोबा पिन दाबताना नातवानं तोंड भिंतीकडे करून दहापर्यंत मोजायचं, लपंडावात राज्य आल्यासारखं. पुढे त्याच्या हाती स्वतःचा फोन येईल तेव्हा दुसऱ्यानं पिन टाकताना त्याची मान आपोआप वळेल. याहून चांगला धडा मला शाळेतही देता आला नाही. एक गोष्ट तुम्ही दोघांनी मिळून पाठ करा : पैसे पाठवताना पिन लागतो, पैसे घेताना कधीच लागत नाही. कुणी फोन करून ‘पैसे जमा करतोय, पिन टाका’ किंवा ‘आलेला ओटीपी वाचा’ म्हणालं की फोन ठेवायचा. पोरांना आकडे वाचून दाखवायची भारी हौस असते, म्हणून हे मुद्दाम त्याच्या समोर बोला. घोटाळा झालाच तर १९३० वर लगेच फोन. हा आकडा मात्र फ्रिजवर मोठ्या अक्षरांत चिकटवला तरी चालतो.

*

प्रश्न : मी पाचवीत आहे. माझी बेस्ट फ्रेंड म्हणते खऱ्या मैत्रिणी एकमेकींना पासवर्ड सांगतात. तिनं मला तिचा सांगितला. मी माझा सांगितला नाही म्हणून ती दोन दिवस बोलत नाहीये. सांगू का? माझा असा आहे – (इथं पत्रात पासवर्ड लिहिला आहे) – हा स्ट्राँग आहे का? – एक मुलगी, कोल्हापूर

उत्तर : नको सांगूस. आणि मनाला लावूनही घेऊ नकोस, पाचवीत दोन दिवस म्हणजे फार असतात हे मला माहीत आहे.

तिला म्हण, ‘‘माझ्या आईनं शपथ घातलीय.’’ आईला विचार, ती नक्की घालेल. सगळा दोष आईवर टाकायचा, आया त्यासाठीच असतात. मग तिला हेही सांग की तिचा तुला कळलाय तो तिनं बदलावा. उद्या तिच्या खात्यातलं काही पुसलं गेलं, तर पहिला संशय कुणावर येईल? तुझ्यावर. तू काही केलेलं नसताना. तेव्हा दोन दिवस नाही, दोन महिने अबोला होईल. तिला काही द्यायचंच असेल तर डब्यातलं अर्धं थालीपीठ दे.

आईबाबांपासून मात्र पासवर्ड लपवायचा नाही. तो त्यांच्याकडे कागदावर असू दे. आणि कुणीही, ओळखीचं असो की गेममध्ये भेटलेलं, ‘हे आईला सांगू नकोस’ असं म्हणालं, तर ते त्याच दिवशी आईला सांगायचं. तो पासवर्ड नाही, ती दुसऱ्यानं तुझ्यावर टाकलेली ओझ्याची पिशवी आहे.

आता तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं. पासवर्ड चांगला होता. ‘होता’ म्हणते, कारण तो तू पोस्टकार्डावर लिहून पाठवलास. पोस्टकार्ड म्हणजे उघडंच की गं! पेटी उघडणाऱ्या काकांनी, पोस्टमननं, संपादकांनी आणि मी, चौघांनी तो वाचला. मी त्यावर काळी शाई फिरवली आहे, तरी उजेडात धरलं की दिसतोय. आज शाळेतून आलीस की फासा घेऊन बस. नवा कसा झालाय, ते मला कळवू नकोस.